मदत हवी आहे: रॅम वाढवली अन् जुनं पीसीआय कार्ड अडायला लागलं

राम राम मंडळी. लातूरच्या एमआयडीसीत आमच्या डाळ मिलच्या कलर सॉर्टरला (रंगावरून खराब डाळ वेगळी काढणारं मशीन) लिनक्स पीसी आहे. कॅमेऱ्याची चित्रं पीसीत आणणारं पीसीआय कार्ड जुनं, ३२ बिटचं. ४ जीबीच्या वरचा मेमरीचा पत्ता त्याला दिसतच नाही. रॅम १६ जीबी केली आणि तास-दोन तासांनी लॉगमध्ये ‘स्विओटीएलबी बफर इज फुल’ येऊन चित्रं बंद! हंगाम तोंडावर, मालक डोक्यावर.

कार्ड डेटा ४ जीबीच्या खालच्या बाउन्स बफरमध्ये (मधली तात्पुरती जागा, हाच स्विओटीएलबी) टाकतं आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तो वरच्या मेमरीत कॉपी करतो, एवढं कळतं. तो बफर सहसा ६४ एमबीचा. बूटला mem=३जी दिलं, म्हणजे ३ जीबीच मेमरी वापरायला सांगितलं, की सगळं सुरळीत, पण मग रॅम घेतली कशाला?

बफर वाढवू, की बायॉसमधून आयओएमएमयू (कार्डाचे पत्ते वरच्या मेमरीशी जोडून देणारं हार्डवेअर) चालू करू? मला शंका ड्रायव्हरची. मॅप केलेलं (कार्डासाठी घेतलेली बफरमधली जागा) अनमॅप करत, म्हणजे परत सोडत, नसेल तर बफर कितीही वाढवा, भरणारच ना? सोर्स हाताशी आहे, मास्क (कार्डाला किती बिटचा पत्ता चालतो ते कर्नलला सांगणारी सेटिंग) ३२ बिटचाच लावलाय. गळती नेमकी कुठे, हे कसं पकडायचं? नांदेड-संभाजीनगरकडं कुणी असलं काम केलंय का?