चित्रपटातील पात्राच्या हातातला कॅमेरा नेमका कसा ओळखावा?

प्रश्न

'रिअर विंडो' (1954) या चित्रपटात पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे घरात अडकून पडलेला छायाचित्रकार समोरच्या इमारतीतील घडामोडी एका लांबलचक लेन्समधून न्याहाळतो. कॅमेऱ्याच्या दर्शनी भागावरचे नाव झाकलेले आहे, त्यामुळे चित्र कितीही वेळा थांबवून पाहिले तरी कंपनी वाचता येत नाही. हा कॅमेरा आणि ही लेन्स कोणती हे मला जाणून घ्यायचे आहेच. पण नाव दिसत नसताना जाणकार मंडळी कोणत्या खुणांवरून निष्कर्षापर्यंत पोहोचतात, हे समजून घेण्याची इच्छा त्याहून अधिक आहे.

उत्तर 1

तो एक्झॅक्टा व्हीएक्स आहे. पूर्व जर्मनीतील ड्रेस्डेनच्या इहागे कंपनीचा हा 35 मिमी फिल्मचा एसएलआर (आरशाच्या साहाय्याने लेन्समधूनच दृश्य दाखवणारा) कॅमेरा युरोपात व्हेरेक्स या नावाने विकला जात असे. लेन्स किलफिट कंपनीची फर्न-किलार, 400 मिमी (नाभीय अंतर), एफ/5.6 (छिद्राचे माप).

नाव झाकले तरी एक्झॅक्टा लपत नाही. बहुतेक कॅमेऱ्यांची बॉडी सरळ आयताकृती असते. एक्झॅक्टाची मात्र दोन्ही टोकांकडे निमुळती होत जाते आणि वरून पाहिल्यास समलंब चौकोनासारखी दिसते. शटरचे बटण दर्शनी भागावर डाव्या हाताच्या बोटाखाली येते, आणि फिल्म पुढे सरकवण्याचा खटकाही डावीकडेच असतो. त्या काळच्या इतर प्रचलित कॅमेऱ्यांत ही दोन्ही कामे उजव्या हाताची होती. म्हणून माझी पद्धत अशी, की आधी बॉडीची बाह्यरेषा पाहावी, मग प्रिझमचा (कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या उंचवट्याचा) आकार, मग पात्राची बोटे कुठे जातात ते पाहावे, आणि लोगोकडे सर्वांत शेवटी वळावे.

उत्तर 2

वरील उत्तर बरोबर आहे, पण 'डावा हात' या खुणेबाबत एक सावधगिरी बाळगावी. संकलनाच्या वेळी एखादे दृश्य आरशातल्या प्रतिमेसारखे उलटवलेले असू शकते, आणि मग कोणताही साधा कॅमेरा डावखुरा वाटू लागतो. त्यामुळे लेन्सच्या कडेवरचे आकडे, भिंतीवरचे घड्याळ किंवा सदऱ्याची बटणपट्टी यांपैकी काहीतरी त्याच चौकटीत तपासून घ्यावे. 'रिअर विंडो'मध्ये हा संशय उरत नाही, कारण बॉडीचा निमुळता आकार उलटवलेल्या दृश्यातही तसाच राहतो.

माझ्या मते सर्वांत भरवशाचा पुरावा फिल्म बदलण्याच्या दृश्यात मिळतो आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. निकॉन एफची संपूर्ण पाठ तळासकट सुटी होऊन हातात येते. 1971 च्या एफ2 ची पाठ बिजागरीवर उघडते. लायका एम मालिकेत आधी तळाची पट्टी काढावी लागते. हॅसलब्लाडचे फिल्म मॅगझिन मागून आख्खे निघते. दोन सेकंदांचे असे दृश्य मिळाले, तर समोरून घेतलेल्या दहा दृश्यांपेक्षा ते अधिक सांगून जाते.

'ब्लो-अप' (1966) मधील उद्यानात नायकाच्या हाती असलेला निकॉन एफ तर लांबूनही ओळखू येतो, कारण त्याच्या प्रिझमचे टोक छपराच्या कोनासारखे धारदार आहे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. बॉडीचे समजले, पण लेन्स 400 मिमीच आहे, 300 किंवा 500 नाही, हे केवळ पाहून कसे ठरवावे? लेन्समधून दिसणाऱ्या दृश्यावरून अंदाज बांधता येईल का?

उत्तर 3

दृश्यावरून अंदाज बांधू नये. पात्राला जे 'दिसते' ते चित्रीकरणाच्या कॅमेऱ्याने, त्याच्या स्वतःच्या लेन्सने टिपलेले असते. त्याचा पात्राच्या हातातील लेन्सशी संबंध असेलच असे नाही. असे दृश्य गोल काळ्या कडेत दाखवण्याची जुनी पद्धतही आहे. एसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये मात्र चौकट आयताकृती असते.

मोजमाप मात्र करता येते. 35 मिमी फिल्मवरील चौकट 36 मिमी रुंद असते, म्हणून 400 मिमी लेन्समधून 30 मीटरवरच्या इमारतीचा साधारण 2.7 मीटर रुंदीचा पट्टा, म्हणजे जेमतेम एक खिडकी आणि तिची कड, चौकटीत मावेल. 50 मिमी लेन्समधून त्याच अंतरावर 21 मीटरहून अधिक रुंदी येईल. एका खिडकीवर डोळा ठेवणाऱ्या पात्राच्या हाती ही लेन्स देणे मला म्हणूनच अत्यंत समर्पक वाटते. तो तिच्यातून छायाचित्रे काढत नाही, दुर्बिणीसारखा तिचा उपयोग करतो, हेही लक्षात घ्यावे.

दुसरी कसोटी समोरच्या काचेची. एफ/5.6 म्हणजे नाभीय अंतर भागिले 5.6 एवढा छिद्राचा व्यास; 400 ला 5.6 ने भागल्यास सुमारे 71 मिमी येतात, म्हणजे काचेचा व्यास किमान तेवढा हवा. एफ/4 असती तर 100 मिमी लागला असता. पात्राचा तळहात त्याच चौकटीत असेल तर तुलना सहज करता येते. यातून नेमके मॉडेल कळत नाही, मात्र अशक्य पर्याय झटपट गळून पडतात आणि उरलेल्या दोन-चार लेन्सची जुनी छायाचित्रे समोर ठेवून नळीचा आकार व कडी जुळवता येतात.

उत्तर 4

एक मुद्दा राहिला, तो काळाचा. कथा कोणत्या वर्षी घडते हे आधी नोंदवून ठेवावे. लायका एम3 आला 1954 मध्ये आणि निकॉन एफ 1959 मध्ये. म्हणून दुसऱ्या महायुद्धातील वार्ताहराच्या गळ्यात एम मालिकेचा कॅमेरा दिसला, तर ओळख चुकली आहे किंवा निर्मात्यांची निवड चुकली आहे, आणि दोन्ही शक्यता तपासायला हव्यात. त्या काळाला आटे असलेल्या लेन्सचा जुना लायका शोभतो. एम4 वर 1967 पासून आलेला फिल्म गुंडाळण्याचा तिरका दांडा एम3 वर नसतो, एवढ्या एका खुणेवरून दोन दशके वेगळी करता येतात.

वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांची गर्दी दाखवताना स्पीड ग्राफिक कॅमेऱ्याच्या फ्लॅशबाबत वारंवार चूक होते. त्यातील बल्ब एकदा पेटला की जळून जातो आणि नवा बसवावा लागतो. तरीही अनेक दृश्यांत तोच छायाचित्रकार बल्ब न बदलता एकामागून एक चमक पाडतो. मॉडेल ओळखण्यास यातून मदत होत नाही, पण ती वस्तू पात्र खरोखर वापरत आहे की केवळ हातात धरून उभे आहे, हे कळते. आवाजावर मात्र मुळीच विसंबू नये. शटरचा आवाज बहुधा नंतर भरलेला असतो, त्यामुळे फिल्म सरकवणारी मोटर नसलेल्या कॅमेऱ्यातूनही मोटरची घरघर ऐकू येते.