मदत हवी आहे: मुलाला गावी पाठवावं का? (पुणे, तातडीचं)

संध्याकाळची_शाळा
लवकर उत्तर द्या, या आठवड्यात ठरवायचं आहे. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत येणारा एक मुलगा नुकताच सुटून आलाय. तो आल्यापासून खालच्या आळीतल्या पोरांनी स्टेटस लावायला सुरुवात केली. कोयत्याचा फोटो आणि खाली 'तारीख आम्ही ठरवणार'. आई म्हणते, उद्याच एसटीत बसवून मामाकडे पाठवते. वडील म्हणतात, हा गेला तर ती पोरं धाकट्याला धरतील. मला दोघांचंही पटतंय. त्यात गणपती तोंडावर आलेत, गर्दीत कोण कुणाच्या मागे उभा आहे ते कळत नाही.

पाठवावं की नाही? दुसरं म्हणजे, स्टेटस लावणाऱ्यांपैकी दोघं पूर्वी माझ्याकडेच अभ्यासाला यायचे, अजून रस्त्यात 'ताई' म्हणून हाक मारतात. त्यांच्याशी मी बोलू का? अशा कामात असलेल्यांनी सांगा. 'पोलिसांना कळवा' एवढंच लिहिणार असाल तर नको.

कात्रज_बोगदा
सुटून आला म्हणजे कुठून? वय किती, गुन्हा काय? वस्ती कोणती? तुम्ही तिथे कोण, शिक्षिका की शेजारी? काहीच लिहिलं नाहीत, मग सांगणार काय!

काळा_कोट
वस्तीचं नाव अजिबात लिहू नका. मुलगा अठराच्या आतला असेल तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे त्याची ओळख पटेल असं काहीही छापणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बाकीची माहिती मात्र हवी. जामिनाचा आदेश तुम्ही स्वतः वाचलाय का? अटी काय आहेत?

संध्याकाळची_शाळा
सतरा पूर्ण. निरीक्षणगृहातून जामिनावर आलाय. न्याय संहितेचं कलम १०९, म्हणजे आधीचं ३०७, खुनाचा प्रयत्न. समोरच्या मुलाच्या पाठीला आणि उजव्या हाताला टाके पडलेत. मी एका संस्थेत वस्ती पातळीवर काम करते. अटी नेहमीच्याच, सोमवारी पीओंकडे (परिविक्षा अधिकारी, जामिनावरच्या मुलांवर देखरेख ठेवतात ते) हजेरी, ती तर सगळ्यांनाच असते. माझा प्रश्न गावी पाठवण्याचा आहे.

काळा_कोट
ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या सोमवारच्या हजेरीतच आहे. आई त्याला उद्या एसटीत बसवेल आणि सोमवारी तो येरवड्याला पीओंसमोर हजर नसेल. पीओ अहवालात गैरहजर लिहितील आणि बाल न्याय मंडळासमोर चित्र उभं राहील की मुलगा पळाला. आधी अर्ज करा. गावी कुणाकडे राहणार, तो माणूस काय करतो, तिथे मुलाचा दिवस कसा जाणार आणि हजेरीची सोय काय, हे सगळं लिहून परवानगी मागा. कलम १२ मध्ये परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली किंवा योग्य व्यक्तीच्या ताब्यात सोडण्याची तरतूद आहे.

एक सावधगिरी बाळगा. अर्जात नुसता 'जिवाला धोका आहे' एवढंच लिहू नका. मुलाला धोका असणं हे जामीन नाकारण्याचंही एक कारण आहे. धोका मांडाल तिथेच मामाचं घर हा पर्यायही मांडा, नाहीतर सुरक्षिततेसाठी म्हणून त्याला परत आत ठेवण्याचा विचार होऊ शकतो. वकील नसेल तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

सिंहगडरोडकर
मला हा धागा वाचून संताप आला. आमच्या सोसायटीबाहेर लावलेल्या गाड्यांच्या काचा अशाच पोरांनी रात्री फोडल्या. शेजारच्या काकांनी कर्ज काढून घेतलेली रिक्षा होती, ती महिनाभर बंद. त्यांच्यासाठी कुठली संस्था आली? सतरा वर्षांचा मुलगा कोयता चालवतो तेव्हा त्याला कळत नाही का? सोळाच्या पुढच्यांना सरळ मोठ्यांसारखा खटला हवा. कल्याणीनगरच्या अपघातात आधी ३०० शब्दांचा निबंध लिहायला लावला होता ना, तेच चालू आहे.

काळा_कोट
काकांच्या रिक्षेचा राग रास्त आहे. कायद्याचं मात्र तसं नाही. सोळा ते अठरा वयाच्या मुलाला प्रौढ म्हणून चालवायचं की नाही याची प्राथमिक तपासणी फक्त 'अतिगंभीर' गुन्ह्यात होते, म्हणजे ज्यात किमान सात वर्षांची शिक्षा आहे. कलम १०९ ला किमान शिक्षा ठरवलेली नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं, २०२१ च्या दुरुस्तीने कायद्यातही आलं. म्हणून या मुलाचं प्रकरण मंडळाकडेच राहणार. कल्याणीनगरचा इथे काही संबंध नाही.

सिंहगडरोडकर
म्हणजे किमान शिक्षा लिहिली नाही म्हणून सुटला. अवघड आहे.

टिपरू
ताई, त्याला ढोलपथकात घाला. मी अनुभवाने सांगतो. आमच्या पथकात कट्ट्यावरची पोरं आली, संध्याकाळी दोन-अडीच तास कमरेला ढोल बांधून उभी राहिली की अंगात भांडायची ताकद उरत नाही. शिस्त लागते, गणवेश मिळतो, कुणीतरी नाव घेऊन बोलावतं.

नदीकाठची
सराव आमच्या खिडकीखाली चालतो. माझ्या सासूबाईंना हृदयाचा त्रास आहे. परवानगी दहापर्यंतची, थांबतात तेव्हा साडेदहा झालेले असतात. पथकांनी आधी हे बघावं.

टिपरू
आमचं पथक नऊला थांबतं. सगळ्यांना एका मापाने मोजू नका.

दुसरी_पाळी
ढोल चांगला, पण आत्ता नाही. पथक म्हणजे ठरलेली जागा, ठरलेली वेळ. ज्याच्यावर फिल्डिंग लागलीय, म्हणजे मारायला पाळत ठेवलीय, त्याला रोज त्याच वेळी त्याच पुलाखाली उभं करायचं नसतं.

मी शहराच्या दुसऱ्या टोकाला बरीच वर्षं हेच काम करतोय, त्यावरून सांगतो. त्या दोन मुलांशी बोला, जरूर बोला, पण वेगवेगळं. दोघं एकत्र असले की एकमेकांसमोर भाईगिरी दाखवतात. एकटा असला की तोच पोरगा म्हणतो, ताई, मला स्टेटस लावायला सांगितलं होतं. चहाच्या टपरीवर नको, त्यांच्या कट्ट्यावर तर नकोच. त्याच्या आईला दळण आणायला निघताना गाठा, सोबत चाला. या घरचा निरोप त्या घरी नेऊ नका. एकदा निरोप्या झालात की पुढच्या भांडणात तुम्हीही एका बाजूच्या ठरता.

बोलायच्या आधी त्यांना स्पष्ट सांगा की तुमच्या पोटात काय राहील आणि काय राहणार नाही. 'तू काय पितोस, कुणाशी फिरतोस ते मी कुणाला सांगणार नाही. पण कुणाला मारायचं ठरलंय हे कळलं तर मी गप्प बसणार नाही.' आधी सांगितलं असेल तर पोरं ते मानतात. मागाहून कळलं तर तुमची अभ्यासिका ओस पडते.

काळा_कोट
हे फार नीट लिहिलंत. कायदाही तेच सांगतो. खून करण्याचा कुणाचा इरादा कळला तर पोलीस किंवा दंडाधिकाऱ्याला कळवणं हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ प्रमाणे प्रत्येकाचं कर्तव्य आहे. तेव्हा ताई, 'पोलिसांना कळवा असं लिहू नका' ही तुमची अट मला पाळता येत नाही. स्टेटसचे स्क्रीनशॉट वेळेसकट ठेवा. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याला भेटा.

संध्याकाळची_शाळा
मागच्या वेळी एका ठाण्यात असंच सांगितलं होतं. रात्री गाडी आली, ज्यांचा काही संबंध नव्हता त्या पोरांना उचललं, आणि सकाळी सगळ्या वस्तीला माहीत की ताईंनी नावं दिली. तीन मुली अभ्यासिकेत यायच्या बंद झाल्या, त्यातली एक दहावीला होती. माझी अडचण समजून घ्या.

दुसरी_पाळी
समजतेय, आमच्याकडेही झालंय. म्हणून एकटीने जाऊ नका आणि तोंडी सांगू नका. संस्थेच्या पत्रावर लेखी द्या, त्यात नावांऐवजी काय हवंय ते मागा: अमुक चौकात संध्याकाळी सात ते अकरा गस्त, विसर्जनाच्या दिवशी दोन मंडळांच्या वेळांत अंतर. पोच घ्या. गस्त वाढल्याने कुणाचं नाव उघड होत नाही.

कोयता याच्या हातात कुणी दिला? सतरा वर्षांच्या पोराचं स्वतःचं भांडण एवढं लांबत नाही.

संध्याकाळची_शाळा
एक जण आहे. तिशीतला. पोरांना वाढदिवसाला गाडीवर केक कापू देतो, मोबाइलचे हप्ते भरतो. नाव इथे लिहिणार नाही.

काळा_कोट
लिहूही नका, वकिलाला सांगा. मुलांना गुन्ह्यासाठी वापरणाऱ्या प्रौढाला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, न्याय संहितेच्या कलम ९५ मध्ये किमान तीन वर्षं. ही कलमं लावायला कुणीतरी मागणी करावी लागते. पोरं आत जातात आणि हा पुढच्या वाढदिवसाचा केक आणतो.

क्लाइड_काठी
मी पुण्याची, सध्या ग्लासगोत आहे. इथेही चाकूच होता, गल्लीवरून भांडणं होती. २००५ मध्ये पोलिसांनीच हिंसा कमी करण्यासाठी वेगळं पथक काढलं आणि हिंसेकडे साथीच्या रोगासारखं बघायला घेतलं. २०१५ पासून इथल्या रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जखमी पोरांना भेटणारे कार्यकर्ते असतात, त्यातले काही स्वतः त्या आयुष्यातून बाहेर आलेले. त्याआधी, २००० मध्ये क्षयरोग आणि कॉलरावर काम केलेल्या गॅरी स्लटकिन या डॉक्टरांनी शिकागोत असाच प्रयोग सुरू केला होता. आपल्या ससून रुग्णालयात असं काही करता येईल का?

कात्रज_बोगदा
ताईंना या आठवड्यात ठरवायचंय, ग्लासगो कुठे काढलंत.

दुसरी_पाळी
थांबा, त्यांनी कामाचं सांगितलंय. आपण सगळे एकाच मुलाबद्दल बोलतोय. ज्याला टाके पडले तो कुठे आहे? त्याच्याकडे कोण जातं?

संध्याकाळची_शाळा
घरीच आहे. आमच्याकडून कुणी गेलेलं नाही, आम्ही 'त्याच्या' बाजूचे समजले जातो. तो गॅरेजमध्ये कामाला होता. हाताची मूठ वळत नाही असं ऐकलं. पाना धरता येत नाही म्हणून मालकाने दुसरा पोरगा ठेवला.

दुसरी_पाळी
मग स्टेटस का लागतायत ते कळलं. त्या पोराचा हात गेला, काम गेलं, आणि विचारायला फक्त तो केकवाला येतो. बदला घ्यायला माणसं गोळा होतात ती याच घराच्या दारात. तुम्ही जा.

काळा_कोट
ताईंनी मुळीच जाऊ नये! तो मुलगा फिर्यादी पक्षाचा साक्षीदार आहे. आरोपीच्या बाजूने कुणी दारात गेलं की 'दबाव आणला' अशी तक्रार होते आणि जामिनावर बालंट येतं.

दुसरी_पाळी
वकिलांच्या भीतीने ते घर मोकळं सोडायचं का?

काळा_कोट
मोकळं सोडा असं म्हटलेलं नाही. दुसऱ्या संस्थेतल्या कुणाला तरी पाठवा, ज्याचा या मुलाशी संबंध नाही. त्याने केसबद्दल, माफीबद्दल, मिटवण्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. हाताचे व्यायाम, ससूनची पुढची तारीख, कामाचं काय, एवढंच. पीडित भरपाईसाठी विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करता येतो, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९६. हे त्या घराला कुणी सांगितलेलं नसणार.

दुसरी_पाळी
हे मान्य. ताई, व्यक्तिगत निरोप करा, आमच्याकडच्या एक परिचारिका आहेत, त्या जातील.

चाफा_२
माझ्या भाचीला कर्वे समाजसेवा संस्थेत एमएसडब्ल्यू करायचं आहे. या क्षेत्रात पगार किती मिळतो? प्रवेश परीक्षा असते का?

कात्रज_बोगदा
वेगळा धागा काढा.

संध्याकाळची_शाळा
@दुसरी_पाळी, निरोप केलाय. आईला समजावलं, अर्ज होईपर्यंत थांबेल. तोवर मुलगा चुलत्याकडे झोपेल, हजेरीला वडील सोबत जातील. मामा करमाळा तालुक्यात आहेत, दुधाचा धंदा आहे. त्याला दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म (बाहेरून परीक्षेला बसायचा) भरायचाय, तो तिकडून भरता येईल का? धाकट्याचं मात्र अजून कुणी सांगितलं नाही. तो सातवीत आहे, शाळा खालच्या आळीतून जाऊन.

काळा_कोट
फॉर्म तिकडच्या शाळेतून भरता येतो, परवानगीच्या अर्जात तेही लिहा, बाल न्याय मंडळाला मुलगा काय करणार हे दिसलं पाहिजे. मामांचं आधार आणि त्यांच्या सहीचं हमीपत्र हवं.

दुसरी_पाळी
धाकट्याला काही दिवस वरच्या रस्त्याने, तीन-चार मुलांच्या घोळक्यात पाठवा. त्याचे वर्गशिक्षक कोण आहेत? त्यांना फक्त एवढंच सांगा की सुटल्यावर वडील किंवा चुलते आल्याशिवाय सोडू नका. चुलते संध्याकाळी मोकळे असतात का?

संध्याकाळची_शाळा
पाळी बदलते त्यांची. आज विचारून कळवते.