स्लीव्हनंतर तिसऱ्या वर्षी वजन परत वाढले. रुग्णांच्या बैठकीत सांगावे की नाही?

वसुधा_नाशिक:

नमस्कार. जून २०२२ मध्ये माझी स्लीव्हची, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठर लहान करण्याची, शस्त्रक्रिया झाली. तेव्हा वजन ११२ किलो होते, रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू होत्या आणि घरचा जिना चढताना मध्ये थांबून श्वास घ्यावा लागत असे. दीड वर्षात वजन ७१ किलोवर आले आणि एक गोळी सुटली. गेल्या आठ-नऊ महिन्यांत मात्र काटा हळूहळू वर सरकत ८० वर आला आहे.

जेथे शस्त्रक्रिया झाली त्या रुग्णालयात दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी रुग्णांची बैठक असते. शस्त्रक्रिया झालेले आम्ही पंधरा-वीस जण, ती करावी की नाही या विचारात असलेले चार-पाच जण आणि त्यांचे नातेवाईक असे सगळे एकाच खोलीत बसतात. पहिले दोन महिने मी या बैठकीच्या आधारावरच काढले. गाळलेल्या वरणाच्या पाण्यावर राहायचे ते दिवस होते, आणि घरातली सगळी माणसे जेवायला बसली की आपण नेमके काय करावे, हे मला कोणत्याही डॉक्टरांनी सांगितले नव्हते. ते एका सहरुग्ण काकूंनी सांगितले: ‘आपली वाटी घेऊन सगळ्यांबरोबर पंगतीतच बसायचे, स्वयंपाकघरात एकटे उभे राहायचे नाही.’

पुढे मीच नव्यांना सांगणारी झाले. शस्त्रक्रियेआधीचा एक जुना ब्लाउज मी पिशवीतून नेत असे. तो अंगातल्या ब्लाउजवरून चढवला की दोन्ही बाजूंना वीतभर कापड लोंबे, आणि ते पाहून नव्याने आलेल्या बायकांचे चेहरे उजळत.

तीन महिन्यांपूर्वीच्या बैठकीत, चार वर्षांपूर्वी बायपास (जठर लहान करून ते पुढच्या आतड्याला जोडण्याची, वजन कमी करण्याची दुसरी शस्त्रक्रिया) झालेल्या एका बाईंनी, आपले वजन १४ किलोंनी परत वाढल्याचे सांगितले. त्यावर गटातले एक ज्येष्ठ सदस्य सर्वांसमोर म्हणाले, ‘ऑपरेशन हे फक्त साधन आहे. ते आपले काम करते, आपण आपले करत नाही.’ नंतर एकांनी, नवे लोक बसलेले असताना असले विषय काढू नयेत, असेही सुचवले. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. त्या वेळी माझे स्वतःचे वजन सहा किलोंनी वाढलेले होते आणि मी एक शब्दही बोलले नाही, याची मला फार खंत वाटते. त्यानंतरच्या दोन्ही बैठका मी चुकवल्या, कारण कुणीतरी ब्लाउज दाखवायला सांगेल ही धास्ती होती.

माझा प्रश्न असा की, वजन वाढल्याचे या बैठकीत, नव्या लोकांसमोर, सांगावे का? की ते फक्त आहारतज्ज्ञांना एकटीने भेटून सांगण्याची गोष्ट आहे?

माणदेशी:

वसुधाताई, अवश्य सांगा, आणि नव्या लोकांसमोरच सांगा. माझ्या बायपासला सहा वर्षे झाली. सर्वांत कमी झालेल्या वजनापेक्षा मी आज अकरा किलोंनी जास्त आहे, आणि तरीही शस्त्रक्रियेआधीच्या वजनापेक्षा चाळीस किलोंनी कमी आहे. ही दोन्ही वाक्ये एकत्र सांगावी लागतात. बैठकीत मात्र लोक त्यातले सोयीचे तेवढेच उचलतात.

‘फक्त साधन’ हे वाक्य मीही बरीच वर्षे म्हणत असे. ते सांगणाऱ्याला धीर देते, कारण त्यात यश आपले ठरते. परंतु ज्याचे वजन परत वाढते त्याच्या माथी सगळा दोष तेच वाक्य मारते. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि भुकेची जाणीव करून देणारे घ्रेलिन हे संप्रेरक प्रामुख्याने ज्या भागात तयार होते तो भागही त्यात जातो. म्हणूनच पहिले वर्षभर भूक लागली आहे की नाही हेच समजेनासे होते. पुढे शरीर जुळवून घेते: भूक काही प्रमाणात परतते, उरलेले जठर थोडे सैलावते, आणि कमी झालेल्या शरीराला ऊर्जाही कमी पुरते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला गेला. त्यातही पहिल्या एक-दोन वर्षांत वजन सर्वांत खाली गेले, नंतर काहीसे वाढले आणि मग स्थिरावले. मधुमेह असलेल्यांपैकी ७२ टक्क्यांचा तो दोन वर्षांनी आटोक्यात होता, दहा वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. त्या काळच्या पद्धती वेगळ्या होत्या हे खरे. पण एवढी सगळी माणसे आळशी निघाली असे कुणी म्हणणार आहे का?

याचा अर्थ खाण्याकडे पाहायचेच नाही असा मुळीच नाही. माझ्या बाबतीत बरेचसे वजन चहाबरोबरच्या खारीतून आणि उपासाच्या साबुदाण्याच्या खिचडीतून आले. मऊ, पिठूळ पदार्थ लहान झालेल्या जठरातून सहज सरकतात आणि पोट भरल्याची जाणीव होईपर्यंत बरेच पोटात गेलेले असते. मटकीची उसळ किंवा पनीर मात्र चार घासांतच थांबायला लावते. मी आता उसळ आधी आणि पोळी नंतर अशा क्रमाने जेवतो, आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी पीत नाही. तरीही बैठकीच्या आधी आपण डॉक्टरांना भेटा. थायरॉइड, रजोनिवृत्ती, झोप, स्टेरॉइड किंवा इन्सुलिनसारखी औषधे, यांपैकी काहीही वजनवाढीच्या मागे असू शकते.

वाटसरू६३:

माणदेशी यांच्याशी मी सहमत नाही, आणि माझे कारण घरचे आहे. माझ्या धाकट्या भावाचे वजन १३८ किलो होते आणि त्याला दिवसातून तीनदा इन्सुलिन घ्यावे लागे. मोठ्या मिनतवारीने आम्ही त्याला शस्त्रक्रियेच्या विचारापर्यंत आणले आणि तारीखही ठरली. त्याआधीच्या शनिवारी तो अशाच एका बैठकीला गेला. तेथे एका गृहस्थांनी आपले वजन कसे परत वाढले आणि टाके उसवून गळती कशी झाली, हे पाऊण तास सांगितले. तो घरी आला आणि ‘एवढे करून परत तेच होणार असेल तर कशाला?’ असे म्हणून त्याने तारीख रद्द केली. आज त्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते. शस्त्रक्रिया झाली असती तर हे टळलेच असते, असे मी म्हणू शकत नाही. पण त्याने तो निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलून घेतला नाही. एका अनोळखी माणसाचे दुःख ऐकून घेतला.

अनुभवी केंद्रांत या शस्त्रक्रियेत जीव गमावण्याचा धोका हजारात एकाच्या आसपास सांगितला जातो. खोलीत रडणारा माणूस समोर बसलेला असताना हा आकडा कुणाच्या कानात शिरत नाही. वसुधाताईंनी बोलावे, त्यांना आधार मिळायलाच हवा. त्यासाठी शस्त्रक्रिया झालेल्यांची बैठक वेगळी असावी. विचारात असलेल्यांना सगळे धोके जरूर सांगावेत, पण ते डॉक्टरांनी, आकड्यांसह, शांतपणे सांगावेत.

हिरवाचाफा:

वाटसरूदादा, आपल्या भावाबद्दल वाचून फार वाईट वाटले. मला मात्र वाटते की आपण दोघेही ‘कुणासमोर बोलावे’ यावर वाद घालता आहात, आणि ‘उत्तर कुणी द्यावे’ हा प्रश्न मागे राहतो आहे. तो प्रश्न माझ्या जिवावर बेतला होता.

बायपासनंतर सातव्या आठवड्यात मला उलट्या सुरू झाल्या. मी गटात विचारले. नऊ जणींची उत्तरे आली: बारीक चावून खा, घास अडकला असेल, मलाही व्हायचे, होईल कमी. सगळ्याजणी मनापासून बोलत होत्या आणि एवढ्या माणसांना हेच झाले आहे म्हणून मीही निश्चिंत राहिले. असे जवळजवळ तीन आठवडे गेले. मग एके दिवशी सकाळी देवापुढे निरांजन लावताना मला एकाच्या दोन ज्योती दिसल्या आणि उठताना तोल गेला. रुग्णालयात नेल्यावर समजले की शरीरातले थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, संपत आले होते. त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो, आणि सतत उलट्या होत असतील तर तो भरून निघत नाही. साधे ग्लुकोजचे सलाइन थायमिनच्या आधी लावले असते तर प्रकृती आणखी बिघडली असती, हेही मला तेथेच कळले. तातडीने शिरेतून थायमिन दिले म्हणून नजर पूर्ववत झाली. पायांतल्या मुंग्या अजून पूर्ण गेलेल्या नाहीत.

त्या नऊ जणींवर माझा राग नाही. पण त्या दिवसापासून मी गटात बोलताना ‘मला असे झाले’ एवढेच सांगते, ‘तुम्हालाही तेच झाले असणार’ असे कधीच म्हणत नाही. न थांबणाऱ्या उलट्या, ताप, छातीची धडधड, पोटात वाढत जाणारी कळ, काळी शौचाला होणे, पोटरी सुजणे, यांवर सहरुग्णांनी एकच उत्तर द्यावे: आत्ताच्या आत्ता रुग्णालयाला फोन करा. गोळ्यांचेही तसेच आहे. कुणी प्रेमाने आपली गुडघेदुखीची गोळी सुचवते आणि ती बायपास झालेल्या रुग्णाला जोडाच्या जागी अल्सर करू शकते.

वसुधाताई, त्या ज्येष्ठ सदस्यांनीही हेच केले. त्या बाईंचे वजन का वाढले हे कुणीही तपासलेले नसताना त्यांनी निदान करून टाकले.

नवखा_ठाणे:

मी अजून शस्त्रक्रिया केलेली नाही. वजन १२४ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) ४३. आमच्याकडच्या अशा दोन बैठकांना मी जाऊन आलो. दोन्ही वेळा मला फक्त बारीक झालेली, आनंदी माणसे भेटली आणि घरी येताना मनात एकच विचार होता की बाकीचे कुठे गेले? वाटसरू यांची भीती मी समजू शकतो. पण सहा वर्षांनी अकरा किलो परत येऊनही चाळीस किलो गेलेलेच राहतात, हे माणदेशी यांनी येथे लिहिले नसते तर मला ते कळलेच नसते. मी पुढच्या महिन्यात सर्जनना भेटतो आहे.

सायली_के:

एक भर घालते. स्लीव्हनंतर चौथ्या वर्षी माझे वजन १६ किलोंनी वाढले. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन कमी करणारी इंजेक्शने भारतात आली, आणि त्यानंतर माझ्या डॉक्टरांनी तपासण्या करून मला आठवड्याला घ्यायचे इंजेक्शन सुरू केले. गटात सांगितल्यावर एका मैत्रिणीने ‘म्हणजे ऑपरेशन वाया गेले म्हण की’ असे लिहिले. रक्तदाब वाढला म्हणून दुसरी गोळी सुरू केली तर पहिली वाया गेली असे आपण म्हणतो का? इंजेक्शनचा खर्च मोठा आहे, मळमळ होते, आणि थांबवल्यावर वजन परत वाढू शकते. हे सगळे मी मान्य करते. पण मला इंजेक्शनवरचे माझे अनुभव विचारणाऱ्या चारही जणींनी ते खासगी संदेशातून विचारले. गटात एकीनेही नाही.

वसुधा_नाशिक:

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला बारा दिवस लागले, कारण आधी तपासण्या करून घ्यायच्या होत्या. थायरॉइड ठीक आहे. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-१२ जीवनसत्त्व दोन्ही बरेच खाली आहेत. वर्षभर गोळ्या घेण्यात हयगय झाली, ती चूक माझी आहे आणि ती मी डॉक्टरांपुढे कबूल केली. थकव्यामुळे संध्याकाळचे चालणे कधी सुटले आणि त्या वेळेत चहा-बिस्किटे कधी आली, हे तारखांसह लिहून काढल्यावर माझे मलाच दिसले.

त्या बाईंना फोन केला. पहिली दहा मिनिटे त्या फक्त रडत होत्या. त्या वेळी गप्प बसल्याबद्दल मी त्यांची क्षमा मागितली. येत्या शनिवारी आम्ही दोघी एकत्र जाणार आहोत.

वाटसरूदादा, आपले म्हणणे मी आहारतज्ज्ञांपुढे मांडले. दुसरा तास फक्त शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी ठेवायला त्या तयार आहेत आणि सविस्तर बोलणे मी त्या तासात करीन. पण पहिल्या तासात कुणी ब्लाउज दाखवायला सांगितले, तर मी तो दाखवीन आणि ११२, ७१ आणि ८० हे तिन्ही आकडे सांगेन. त्यातला शेवटचा गाळणे मला यापुढे जमणार नाही.

वाटसरू६३:

ताई, तिन्ही आकडे सांगा, त्याला माझी हरकत नाही. फक्त त्या पहिल्या तासात तुमचे सर्जन खोलीत बसलेले असावेत, एवढे मात्र पाहा. तुमचे ऐकून कुणी माझ्या भावासारखा उठून जायला निघाला, तर त्याला दारात थांबवून त्याच्याशी बोलणारे कुणीतरी तेथे हवे.