इमारतीवर नाव कुणाचं : देणगी देणाऱ्याचं की खडी फोडणाऱ्याचं?

घमेलेवाला (धागाकर्ता)
साताऱ्यात २०२१ साली कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं. छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉमर्स अशी तिन्ही कॉलेजं त्यात आली. आता कधीतरी आवारातल्या इमारतींचा इतिहास लिहिला जाणार. त्यात काय असेल ते आत्ताच सांगतो. कोनशिला कुणी बसवली, फीत कुणी कापली, देणगी कुणाची. संपलं.

माझे वडील पन्नाशीच्या दशकात 'कमवा आणि शिका'त शिकले. कुठे, ते मुद्दाम सांगत नाही. पहाटे दोन तास खडी फोडायची, मग आंघोळ, मग इंग्रजीचा तास. खडी फोडायची सुतकी (हातोडा) बसून त्यांच्या डाव्या अंगठ्याचं नख कायमचं वाकडं झालं होतं. वसतिगृहाची भिंत दाखवून म्हणायचे, "हा कोपरा आमच्या खोलीचा." त्या कोपऱ्यावर आज संगमरवरी पाटी आहे. सात नावं, सगळी मांडवात बसलेल्यांची.

माझं म्हणणं एवढंच, की जुन्या हजेऱ्या काढा आणि राबणाऱ्यांची नावं भिंतीवर लावा.

विश्रामबागकर
दादा, वडिलांबद्दल आदरच आहे. पण देणगीदाराला एवढं झोडपू नका. आमच्या सांगलीत इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ ला निघालं, तुमचं शिवाजी कॉलेजही त्याच सालचं. १९५५ ला आमच्या कॉलेजला वालचंद हिराचंदांचं नाव लागलं, कारण पैसा तिकडून आला. लेथ मशीन श्रमदानातून येत नाही हो.

आणि विलिंग्डन बघा. १९१९ चं कॉलेज, नाव मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरचं. आज सांगलीत कुणाला लाटसाहेब आठवतो? रिक्षावाल्याला 'विलिंग्डन' म्हटलं की तो विश्रामबागला सोडतो. वापरून वापरून गावानं ते नाव आपलं करून टाकलंय.

घमेलेवाला
साताऱ्यात पोराटोरांना ठाऊक असलेला किस्सा सांगतो. एका धनिकानं मोठी रक्कम देऊ केली, अट एकच : शिवाजी कॉलेजला त्याचं नाव. अण्णांनी, म्हणजे कर्मवीर भाऊरावांनी, साफ धुडकावली. पैशाची गरज नव्हती म्हणून नव्हे, चांगली नड होती.

विश्रामबागकर
मग महाराजा सयाजीराव हायस्कूल? तेही अण्णांचंच की.

घमेलेवाला
सयाजीराव १९३९ ला गेले, हायस्कूल १९४० चं. गेलेल्या माणसाची आठवण ठेवणं वेगळं, चेकच्या पाठीवर अट लिहून नाव मागणं वेगळं.

वडाच्या पारावर
दोघंही दगडाला धरून बसलाय. अण्णांच्या रयत शिक्षण संस्थेच्या बोधचिन्हात वड आहे, इमारत नाही. १९१९ ला कराडजवळच्या काले गावात संस्था निघाली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग. १९२७ ला गांधीजी आले, बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव दिलं. त्यांना दाखवायला तिथं काय होतं? सगळ्या जातीची पोरं एका पंगतीत जेवत होती, एवढंच. पोरांच्या पोटासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. त्याची पाटी कुठल्या खांबाला ठोकणार?

जुनं गळत असेल तर पाडा. पोरींना धड संडास पाहिजे, वारसा नको.

ज्योती शाहूपुरी
काका, संडासाबद्दल शंभर टक्के. पण दगड बोलत नाही हे पटत नाही. राजवाड्यातल्या प्रतापसिंह हायस्कूलचं बघा. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव तिथल्या रजिस्टरात आलं, १९१४ क्रमांकावर, 'भिवा' म्हणून. म्हणून तर तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस. लोक रजिस्टरचं पान बघून हात जोडतात आणि निघतात. साताऱ्यातल्या शाळेच्या दिवसांत आपल्याला वर्गात वेगळं, गोणपाटावर बसावं लागे आणि ते गोणपाट रोज घरी न्यावं लागे, हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय. छत्रपतींचा राजवाडा, त्यात शाळा, आणि त्याच गावात एका पोराच्या काखेत गोणपाट. इमारतीचा इतिहास लिहायचा तर हे सगळं लिहा. नुसती सागवानी खांबांची नक्षी नको. आणि दादा, तुमच्या हजेरीत खडी फोडणारी पोरं सापडतील, पण पोळ्या लाटणाऱ्या बायका कुठल्या हजेरीत होत्या?

दर्जा भरणारा
मी बांधकामातला. भावनेचं तुम्ही बघा, मी भिंतीचं सांगतो. सगळंच पाडायची गरज नसते. जिल्ह्यातल्या एका शाळेत (नाव नको) चुन्यातल्या दगडी भिंतीला कंत्राटदारानं सिमेंटचा गिलावा मारला. चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडून ठेवतं. दोन पावसाळ्यांत आतून पोपडे सुटले, मिठासारखा पांढरा क्षार चढला. मग सगळे म्हणाले, "जुनं झालंय, पाडा." अहो, जुनं नव्हतं झालं, आजारी पाडलं होतं. दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, चुन्यानंच भरायच्या. गवंडी मिळत नाहीत हे मात्र खरं.

वडाच्या पारावर
बरं, दुरुस्त होत असेल तर पाडू नका. पण भिंतीवर नावांची जंत्री? उद्या प्रत्येक जण म्हणेल माझ्या आज्यानं वीट ठेवली.

विश्रामबागकर
तेच म्हणतो. आणि हजेरी वाळवीनं खाल्ली असेल तर?

घमेलेवाला
तर तोंडी. वडिलांच्या खोलीतले दोघं अजून आहेत, एक वाईला, एक कोरेगावला. नव्वदीला आलेत. रविवारी वाईला जातोय, फोन घेऊन, रेकॉर्डिंगला. ज्योतीताईंचा प्रश्न पहिला विचारणार, कारण माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. वडिलांनी कधी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

विश्रामबागकर
मी येतो. शनिवारी रात्री साताऱ्यात मुक्काम करतो. लेथ मशीनवर मात्र मी ठाम आहे, ते गाडीत बोलू.