उत्तर: भीमेत होडी आणि गळ
"पावसाळा संपला की भीमा संथ, कधीही होडी घाला" हे वर लिहिलंय ते अर्धंच पटलं. सोलापूरला प्यायचं पाणी वरच्या उजनी धरणातून नदीतही सोडत आलेत ना, सोलापूरजवळचा औज बंधारा भरायला, आणि ते खाली पोचायला काही दिवस लागतात म्हणून पाणी कधी चढेल याचा आपल्याला पत्ताच नसतो. आम्ही एकदा भीमेकाठच्या टाकळीकडं गळाला कणकेचा गोळा लावून चिलापी माशासाठी बसलो होतो, ऊन कडक, ढगाचा ठिपका नाही, आणि काठावर काढून ठेवलेली चप्पल हळूच तरंगायला लागली! एक सापडली, दुसरी गेली कर्नाटकात. तेव्हापासून काठाला काडी रोवतो, ती बुडायला लागली की गळ गुंडाळायचा. बाकी चिलापीत काटे कमी, तळायला झकास.