विषय: हँडब्रेक सोलापुरात धरतो, तुळजापुरात सोडतो

मंडळी नमस्कार,

मी महिनाभर सोलापुरात आहे, बाबांकडे, त्यामुळे आपल्या मंडळाच्या तिळगूळ समारंभाच्या कूपनांबद्दल कृपया मला मेल करू नका, खजिनदारांना विचारा. माझा प्रश्न गाडीचा आहे. बाबांची जुनी सेडान आहे, मागच्या चाकांनाही डिस्क ब्रेक, आणि हँडब्रेक साधा हाताने ओढायचा. रविवारी तुळजापूरला गेलो, उतारावर गाडी लावली, बाबांनी हँडब्रेक पार वरपर्यंत ओढला, 11-12 वेळा कटकट झालं, आणि मी डिकीतून ओटीचं सामान काढतेय तर गाडी सावकाश माझ्याच अंगावर यायला लागली! बाबा अजून सीटवरच होते म्हणून पायाने ब्रेक दाबला. वर म्हणतात कसे, सोलापुरात तर कधी असं झालं नाही. अहो बाबा, सोलापुरात चढ आहे कुठे?

पायाचा ब्रेक चांगला लागतो. वर्षभरात गॅरेजमध्ये दोनदा केबल टाइट करून झाली, दर वेळी महिनाभर बरं वाटतं आणि मग परत तेच. आता तिथला माणूस म्हणतोय मागचे दोन्ही कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बदला. खर्चाला ना नाही पण नक्की काय बिघडलंय ते कळल्याशिवाय बदलायचं का? गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) आधी उरकायचंय, नंतर नंदीध्वजांच्या मिरवणुकीत निम्मे रस्ते बंद असतात.

– सात रस्ता

———

चाकामागे वीट ठेव ताई. आमच्या टेम्पोला 15 वर्षं वीटच हँडब्रेक होती 😀

– अक्कलकोट रोड

———

वीट ठेवच, चेष्टा नाही, काम होईपर्यंत पहिला गिअर आणि वीट.

आता ऐक पोरी. मी मूळचा विजापूर वेशीतला, इथे इंग्लंडात गाडीची दरवर्षी एमओटी, म्हणजे सक्तीची तपासणी, होते, त्यात हँडब्रेकला गाडीच्या वजनाच्या निदान 16 टक्के जोर लागतो, आणि माझी गाडी त्यात नापास झालेली आहे त्यामुळे हे सगळं मी हात काळे करून शिकलोय. इथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, ते कॅलिपर खातं. सोलापुरात मीठ नाही, पण गाडी उभीच असते ना बाबांची? किती महिने, आणि हँडब्रेक ओढून का? आणि धुतात कशी?

सारखी केबल टाइट करणं हेच मला खटकतंय. तुझ्या गाडीला मागे हँडब्रेकचे वेगळे शू (ड्रमला आतून घासणारे) नसतील तर त्याच कॅलिपरमध्ये दोन्ही कामं होतात. पाय दाबला की ऑइलचं प्रेशर पिस्टन ढकलतं. हँडब्रेक ओढला की केबल कॅलिपरच्या मागचा छोटा लिव्हर फिरवते आणि आतला स्क्रू तोच पिस्टन ढकलतो. म्हणून पायाचा ब्रेक उत्तम आणि हँडब्रेक ढिला असं होऊ शकतं, शिवाय पायाच्या ब्रेकचा बराचसा जोर पुढच्या चाकांवर असतो, मागचं एक चाक आळशी झालेलं कळतही नाही. पॅड झिजतात तसा आतला स्क्रू आपोआप पुढे येऊन गॅप भरतो, पण कधी? हँडब्रेक खाली असताना तो लिव्हर पूर्ण मागे जाऊन स्टॉपरला टेकला तरच. केबल वरून ताणून ठेवली की लिव्हर टेकतच नाही, मग अ‍ॅडजस्टमेंट बंद, पॅड झिजणार, हँडब्रेक परत ढिला, परत केबल ताणा. दोनदा तेच केलंय तुझ्या गाडीला.

मेकॅनिकच्या शेजारी उभी राहून हे करून घे. पुढच्या चाकांना वीट, मागची दोन्ही वर, नुसत्या जॅकवर नको, खाली स्टँड हवा. हँडब्रेक खाली, चाकं हाताने फिरवा. मग एकेक कट वर ओढत कोणतं चाक आधी धरतं बघा. जे धरत नाही तिथली केबल कॅलिपरपासून सोडवा आणि लिव्हर पान्याने हलवून सोडून द्या. चटकन परत गेला तर कॅलिपरचा तो भाग ठीक, मग केबल गंजून अडकत असेल. मध्येच थांबला तर कॅलिपर जाम.

स्लाइड पिन (ज्यांच्यावर कॅलिपर सरकतो त्या) पण काढायला लावा, सुकल्या की आतला पॅड संपतो आणि बाहेरचा नवा दिसतो. ग्रीस रबराला चालणारंच, सिलिकॉनचं. चेसिसचं ग्रीस लावलं की रबर फुगतं.

आणि मुख्य म्हणजे नवे पॅड बसवताना पिस्टन शिकंजाने दाबायचा नाही!! फिरवत फिरवत आत न्यायचा, त्याचा टूल येतो. दाबून घातला तर आतला स्क्रू मेला, मग खरंच नवा कॅलिपर.

– विजापूर वेस

———

काका, केलं. हॉटगी रोडच्या दुसऱ्या गॅरेजमध्ये. उजवा लिव्हर चटकन परत गेला, डावा जिथल्या तिथे, त्याला हाताने मागे ढकलावं लागलं. डावीकडचा आतला पॅड अगदी पत्र्याला आलाय आणि एक पिन हातोडीने काढली. गाडी 7 महिने पोर्चमध्ये हँडब्रेक ओढून उभी होती, आणि नळ डाव्या बाजूला आहे, बाबा रोज पाइप धरून चाक धुतात, गाडी कुठे जात नसली तरी! पाणी आत गेलं आणि सुकायला गाडी फिरलीच नाही असं हा मेकॅनिक म्हणतो.

म्हणजे दोन नाही, एकच कॅलिपर ना? की आतल्या रबरी सीलचं किट टाकून होईल?

– सात रस्ता

———

लिव्हरचा शाफ्ट गंजलाय तर नुसत्या सीलच्या किटने भागणार नाही, डावा बदल. उजव्याला सर्व्हिस कर. पॅड मात्र दोन्हीकडे नवे, एका बाजूला नवे आणि दुसरीकडे जुने नको. लाइन उघडणारच आहे तर ब्रेक ऑइल पूर्ण बदल, हवा नीट काढा. मग केबल पार ढिली करून पायाचा ब्रेक 20-30 वेळा दाबा, आणि सगळ्यात शेवटी केबल, तीही दोन्ही लिव्हर स्टॉपरला टेकलेले राहतील एवढीच. किती कटला धरायला हवा ते गाडीच्या पुस्तकात बघ.

– विजापूर वेस

———

मंडळी, ही मेल-यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे, तरी चालू द्या, माझा पण हँडब्रेक वर जातोय. कूपनचे पैसे शुक्रवारपर्यंत द्या.

– खजिनदार

———

झालं काका! आता 6 कटला धरतो. काल परत तुळजापूर, त्याच उतारावर, जागची हलली नाही. बाबांनी तरीही वीट ठेवली. मी परत गेल्यावर गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक खाली आणि आठवड्याला एक फेरी असं ठरलंय, पाइपचं मात्र ऐकत नाहीत. शेंगा चटणी किती आणू?

– सात रस्ता

———

दोन किलो. आणि कडक भाकरी, मोडणार नाही अशी बांध.

– विजापूर वेस