कर्ली ब्रॅकेट वर की खाली? एका रेपोत (प्रोजेक्टच्या कोडसाठ्यात) दोन फॉरमॅटर, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, नाशिकला अंबडमध्ये एका छोट्या कंपनीत प्रॉडक्शन रिपोर्टचं सॉफ्टवेअर बघते, टीम म्हणजे आम्ही तिघं. सर सी शार्पमधले, त्यांना ऑलमन स्टाईल लागते, इफ लिहिलं की एंटर आणि कंस खालच्या ओळीवर एकटा. मी कॉलेजात सी शिकले तेव्हापासून कंस त्याच ओळीच्या शेवटी. ज्याची त्याची सवय म्हणून सोडलं असतं, पण दोघांच्याही एडिटरला सेव्ह केलं की फॉरमॅट चालू आहे, म्हणजे फॉरमॅटर अख्ख्या फाइलीतले कंस आपापल्या स्टाईलने मांडतो!! काल मी शिफ्टची एक कंडिशन बदलली आणि गिटच्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलच्या) डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या कोडच्या फरकात, साडेआठशे ओळी लाल-हिरव्या, सर म्हणाले नेमकं काय बदललंस दाखव, आणि मलाच सापडेना. डिफला मायनस डब्ल्यू लावलं तर टॅब-स्पेसचे फरक गेले, कंस खाली गेलेल्या ओळी तशाच, कारण तिथे ओळच तुटते ना.

त्यात गेल्या आठवड्यात सरांनी जावास्क्रिप्टमध्ये रिटर्न लिहून ऑब्जेक्टचा कंस खाली घेतला. रिटर्ननंतर ओळ संपली की जावास्क्रिप्ट स्वतःच सेमीकोलन धरतं, म्हणजे फंक्शन देतंय अनडिफाइन्ड (काहीच नाही) आणि रिपोर्ट कोरा. ऑब्जेक्टमध्ये एकच की (नाव-व्हॅल्यूची जोडी) होती म्हणून तो साधा ब्लॉक समजला गेला आणि एररही नाही, अर्धा दिवस डेटाबेस तपासत बसलो. सर म्हणतात हा भाषेचा दोष. असेल बाबा. कंस एकाखाली एक आले की ब्लॉक पटकन दिसतो हेही मान्य.

माझा हट्ट नाही, त्यांची स्टाईलही चालेल. पण सगळा कोड एकदम फॉरमॅट केला तर ब्लेममध्ये (कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते गिट दाखवतं तिथे) ओळीओळीवर माझंच नाव येणार ना? कुणी केलंय का असं?

प्रतिसाद १:
केलंय. आधी उघड्या ब्रँच (कोडच्या वेगळ्या चालू प्रती) मुख्य कोडमध्ये मर्ज करून घ्या, नाहीतर कॉन्फ्लिक्ट सोडवता सोडवता जीव जाईल. मग फॉरमॅटिंगची वेगळी कमिट (गिटमध्ये नोंदवलेला बदल), त्यात लॉजिकचं एक अक्षर नको. त्या कमिटचा पूर्ण हॅश (ओळख क्रमांक) एका फाइलीत टाकून ती फाइल ब्लेमला इग्नोर रेव्ह्ज फाइल म्हणून द्या, म्हणजे ब्लेम ती कमिट वगळेल, गिट 2.23 पासून ही सोय आहे. फॉरमॅटरची सेटिंग रेपोतच ठेवा. आणि प्रेटियर (जावास्क्रिप्टचा एक फॉरमॅटर) लावणार असाल तर सर हरले, त्यात ऑलमनचा पर्यायच नाही :)

धागाकर्ती:
खूप आभार, हे माहीतच नव्हतं. आत्ता बघितलं तर सरांच्या मशीनवर गिट 2.17 आहे, आधी ते अपडेट करते. प्रेटियरचं मिसळ खाताना सांगेन, उपाशीपोटी नको.